प्लॉट स्वस्त, शहर महाग

छत्रपती संभाजीनगरात पैठण रोडला जा, लातुरात बार्शी रोडला जा, नांदेडात मालेगाव रोडला जा, चित्र एकच. परवापर्यंत कपाशी-तुरीचं असलेलं वावर, त्यात मुरूम टाकून केलेले रस्ते, फक्कीच्या पांढऱ्या रेषा, कोपऱ्याकोपऱ्यावर रोवलेले सिमेंटचे खांब आणि तोंडाशी एक फ्लेक्स: वीस बाय तीसचे प्लॉट, सुलभ हप्ते, आजच बुकिंग. रविवारी कुटुंबं येतात, पावलांनी जागा मोजतात, दरवाजा पूर्वेला निघेल का ते बघतात. मराठवाड्यातल्या नोकरदार आणि कामगार माणसाचं घराचं स्वप्न कित्येक वर्षं या वीस बाय तीसमध्ये बसलेलं आहे. खाली हॉल आणि किचन, दारात तुळस, वर गच्ची, पोरगा लग्नाला आला की गच्चीवर एक खोली.

या स्वप्नाला नावं ठेवायचा माझा विचार नाही. पण शहरं अशी आडवी पसरवत नेणं आपल्याला झेपणारं नाही. घर हाताबाहेर जाण्याचं, नळाला आठवड्यातून एकदा पाणी येण्याचं आणि कामावर जायला बस नसण्याचं एक मोठं कारण हे पसरणंच आहे. यावर कुणी उपाय सुचवला की लगेच वीस मजली टॉवर डोळ्यांपुढं येतात. मी त्यांच्याबद्दल बोलत नाही. आहे त्या शहरात, आहे त्या रस्त्यांवर, तीन-चार मजल्यांच्या साध्या इमारती सामान्य माणसाला कायद्यानं सहज बांधता याव्यात, एवढंच माझं मागणं आहे. आणि नेमकं तेच आज सगळ्यात अवघड करून ठेवलेलं आहे.

आधी हिशेब. घराच्या किमतीत जमीन आणि बांधकाम असे दोन मोठे भाग असतात. सिमेंट, सळई, गवंड्याची मजुरी यांत शहरागणिक फार फरक पडत नाही. सळई तर जालन्यातच तयार होते. फरक पडतो तो जमिनीचा. समजा नळ आणि ड्रेनेज पोचलेल्या भागात ६०० चौरस फुटांचा प्लॉट ३० लाखांना आहे. एका कुटुंबानं घेतला तर जमिनीचेच ३० लाख. त्यावर एकावर एक चार घरं झाली तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेसात लाख. बांधकामाचा खर्च कमी होत नाही, थोडा वाढेलही, कारण पाया आणि कॉलम जाड लागतात. पण संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत ठेकेदाराकडं काम करणाऱ्या माणसासाठी 'अशक्य' आणि 'वीस वर्षांच्या कर्जात शक्य' यांतलं अंतर बहुधा याच बावीस-साडेबावीस लाखांचं असतं.

ते अंतर कापता येत नाही म्हणून तो माणूस शहराबाहेर पाच-सहा लाखांचा प्लॉट घेतो. त्या क्षणी पैसे वाचतात आणि मग ते दर महिन्याला जायला लागतात. नवऱ्याला एक मोटारसायकल, मुलगी कॉलेजला गेली की एक स्कूटी, पोरांना शाळेची व्हॅन, उन्हाळ्यात टँकर, बोअर आटला की दुसरा बोअर. घरातल्या बाईला आधी दोन घरची धुणीभांडी पायी जाऊन करता येत होती, ती कामं सुटतात, कारण शेअर रिक्षाचं जाण्या-येण्याचं भाडं मजुरीतून कापलं तर हाती काही उरत नाही. घर परवडतं की नाही हे विचारताना आपण फक्त खरेदीखतावरचा आकडा बघतो. हे बाकीचे खर्च कुठल्याच कागदावर येत नाहीत.

महापालिकेचा हिशेब वेगळा आहे आणि तो कुणी मांडतच नाही. वीस फूट रुंदीचे प्लॉट रस्त्याच्या दोन्ही बाजूंना असतील तर १०० घरांसाठी हजार फूट जलवाहिनी, हजार फूट ड्रेनेज, हजार फूट रस्ता आणि तेवढेच दिव्यांचे खांब लागतात. प्लॉटवर चार घरं असतील तर तीच १०० कुटुंबं अडीचशे फुटांत बसतात. पाइप थोडा मोठा घ्यावा लागेल, पण खोदकाम, जोड, रस्ता फोडून पुन्हा करणं आणि पुढची तीस वर्षं गळती शोधत फिरणं हे सगळं लांबीवर चालतं. म्हणजे पसरलेल्या वस्तीचा प्रत्येक नळ महाग पडतो, आणि जिथं एवढे पैसे नाहीत तिथं तो नळ येतच नाही.

संभाजीनगरची पाण्याची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पैठणला नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरण आहे, आशियातल्या मोठ्या मातीच्या धरणांत त्याची गणना होते, आणि तिथून पन्नासेक किलोमीटरवरच्या शहराला कित्येक दिवसांआड पाणी मिळतं. आधीच्या समांतर जलवाहिनीच्या योजनेचा घोळ झाला, मग १६८० कोटींची नवी योजना आली, ती २७४० कोटींवर गेली, अडीच मीटर व्यासाचे पाइप रस्त्याकडेला येऊन पडले. या सगळ्यात चर्चा होती ती पैठणहून शहरापर्यंतच्या पाण्याची. शहरात आल्यावर ते पाणी किती किलोमीटर फिरवायचं, ही चर्चा जवळपास झालीच नाही. मोठी वाहिनी पूर्ण झाली तरी वस्त्यांमधल्या छोट्या वाहिन्यांचं जाळं टाकायला लागतंच, आणि आपण त्या जाळ्याच्या काठाला दरवर्षी नवी वावरं जोडत चाललो आहोत.

इथं हमखास विचारलं जातं: पाणीच नाही तर शहरात आणखी माणसं कशाला कोंबायची? प्रश्न प्रामाणिक आहे. ज्यांनी २०१६ चा उन्हाळा लातुरात काढला त्यांना तर तो विचारायचा पूर्ण हक्क आहे. मांजरा धरण कोरडं पडलं आणि मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. एप्रिलमध्ये पहिली गाडी आली ती दहा वाघिणींत पाच लाख लिटर घेऊन. पुढं पन्नास वाघिणींच्या गाड्या २५ लाख लिटर आणू लागल्या. पण तो उन्हाळा नीट आठवून बघा. माणूस चौथ्या मजल्यावर राहतो म्हणून जास्त पाणी पीत नाही. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी रोजी १३५ लिटरचं जे प्रमाण धरतात ते रो-हाऊसलाही तेच आणि फ्लॅटलाही तेच. माणसं शहरात येणार की नाही हे आपल्या नियमावलीवर ठरत नाही. ते बीड-धाराशिवच्या पावसावर, सोयाबीनच्या भावावर आणि पोरांच्या शिक्षणावर ठरतं. ती येणारच आहेत. जलकुंभाजवळ राहतील की टँकरच्या रस्त्यावर, एवढंच ठरवणं आपल्या हातात आहे.

दाट वस्ती चुकीच्या जागी केली तर काय होतं याचं उदाहरणही शेजारीच आहे. संभाजीनगरच्या सातारा-देवळाई परिसरात अपार्टमेंट उभी राहिली, बँकांनी कर्जं दिली, लोक राहायला आले, आणि नळ वर्षानुवर्षं आला नाही. महापालिकेत समावेश झाल्यावरही टँकर संपला नाही. हे उदाहरण माझ्या विरोधात वापरलं जातं. मला ते माझ्याच बाजूचं वाटतं. शहराच्या आत चार मजले चढवू दिले असते तर सातारा डोंगराच्या पायथ्याशी एवढी घाई झाली नसती.

आता कायदा. हा भाग थोडा रुक्ष आहे, पण सगळी गाठ इथंच आहे.

डिसेंबर २०२० मध्ये मुंबई आणि काही भाग वगळता राज्यभर एकत्रित बांधकाम नियमावली लागू झाली. तिनं आधीचा बराच गोंधळ मिटवला. तिच्यात दाट वस्तीचा जुना भाग सोडला तर उरलेल्या शहराला मूळ चटईक्षेत्र निर्देशांक (एफएसआय) १.१ आहे. म्हणजे ६०० चौरस फुटांच्या प्लॉटवर हक्काचं बांधकाम ६६०. त्यावर आनुषंगिक क्षेत्र (जिना, बाल्कनी वगैरे) हवं तर अधिमूल्य, म्हणजे प्रीमियम भरा. आणखी वर जायचं तर प्रीमियम एफएसआय घ्या, टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेवरचा बांधकामाचा हक्क विकत घ्या. पण त्यासाठी प्लॉटसमोरचा रस्ता किमान ९ मीटरचा हवा. ९ मीटर म्हणजे तीस फूट. संभाजीनगरच्या पुंडलिकनगरात, जयभवानीनगरात, नांदेड-परभणीच्या कुठल्याही गुंठेवारीत, म्हणजे शेतजमीन गुंठ्या-गुंठ्यानं विकून झालेल्या वस्तीत टेप घेऊन फिरा. गल्ली पंधरा-वीस फुटांवर संपते. त्याशिवाय सामासिक अंतरं, म्हणजे इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा, आणि पार्किंग. छोट्या प्लॉटवर पार्किंगची अट पाळायची म्हणजे अख्खा तळमजला मोकळा सोडून इमारत स्टिल्टवर, म्हणजे खांबांवर उचलायची. ज्या भागात घराघरात मोटारसायकल आहे आणि चारचाकी क्वचित, तिथं आपण आधी गाडीची सोय लावतो आणि माणसाची मागून बघतो.

याचा परिणाम असा की कायदेशीर मार्गानं इमारत बांधायला दहा-बारा गुंठे जागा, रुंद रस्ता, वास्तुविशारद, प्रीमियमचे पैसे आणि नगररचना विभागात फाइल हलवायची ताकद लागते. हे बिल्डरला जमतं. तो त्या खर्चाला साजेसे फ्लॅट बांधतो, लिफ्ट, जनरेटर, क्लब हाऊस आणि महिन्याचा मेंटेनन्ससकट. शाळामास्तरला, रिक्षावाल्याला, दोन भावांना मिळून आपल्या जुन्या घराच्या जागी चार घरं करायची असतील तर त्यांच्यासाठी नियमावलीत रस्ता जवळपास नाही. मग त्यांच्यापुढं दोनच गोष्टी उरतात: परवानगीशिवाय वर चढवणं, नाहीतर लांब जाऊन बॉण्डवर प्लॉट घेणं.

बॉण्डचा हा प्रकार मराठवाड्याबाहेरच्या वाचकाला सांगायला हवा. १९४७ चा तुकडेबंदी कायदा शेतीचे बारीक तुकडे पडू नयेत म्हणून झाला. शहरांच्या काठावर त्यानं तुकडे थांबवले नाहीत, त्यांची रजिस्ट्री तेवढी थांबवली. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट; एवढी जमीन विकायला अडचण होती, पण घ्यायला हजारो लोक तयार होते. मग शंभराच्या बॉण्डपेपरवर व्यवहार व्हायला लागले. सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर, ताबा घेणाऱ्याचा. २००१ मध्ये अशा वस्त्या नियमित करायचा गुंठेवारी कायदा आला, त्यात १ जानेवारी २००१ ची मर्यादा होती. २०२१ च्या दुरुस्तीनं ती ३१ डिसेंबर २०२० झाली. तारीख पुढं सरकते हे प्लॉटिंगवाल्यांना आणि घेणाऱ्यांनाही कळून चुकलं आहे. एकट्या संभाजीनगरात अशा वस्त्या शंभराहून जास्त आहेत. त्यांत ना खेळाचं मैदान, ना शाळेची जागा, ना बस वळेल एवढा चौक, कारण विकण्याजोगा प्रत्येक फूट विकून झालेला. मोकळी हवा मिळावी म्हणून दाटीवर बंधनं घातली आणि हाती आली ती मोकळ्या जागांविना पसरलेली शहरं. २०२५ मध्ये रुंदीकरणासाठी रस्त्यांकडेची बांधकामं पाडली गेली, तेव्हा कागद नसलेल्या माणसाचं घर किती लवकर मातीमोल होतं ते साऱ्या शहरानं पाहिलं.

बंगला आणि टॉवर यांच्या मधली घरं नियमात नसली तरी गरज असल्यामुळं ती उभी राहतातच. वाळूजजवळ बजाजनगर, रांजणगाव, जोगेश्वरीकडं बघा. १९८५ मध्ये बजाजचा कारखाना सुरू झाला, मागून शेकडो कारखाने आले, कामगारांच्या घरांचं नियोजन मात्र मागंच राहिलं. जमीनमालकांनी आपापल्या जागेवर एकाला लागून एक खोल्या काढल्या, वर मजले चढवले, आणि एका-एका खोलीत चार-चार पोरं शिफ्टनुसार झोपायला लागली. लातुरात शिकवण्यांच्या भागात तेच. डॉक्टर-इंजिनिअर व्हायला गावोगावहून आलेल्या मुलांसाठी बंगल्यांचे मजले वाढले, खोल्यांचे भाग पडले, आणि 'कॉट बेसिस' हा तिथला घराचा एकक झाला. हे दाट राहणं आहे, पण त्यात उजेड, जिना, आगीची वाट, संडासांची संख्या यांतलं काहीच कुणी तपासलेलं नाही. परवानगी न देऊन आपण दाटी टाळली, अशी समजूत करून घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी एक रात्र तिथं काढावी.

आपल्याकडं दाट आणि राहण्याजोगं शहर ही परकी कल्पना नाही. मलिक अंबरनं १६१० च्या सुमारास खडकी, म्हणजे आजचं संभाजीनगर वसवलं, नहरीनं (जमिनीखालच्या कालव्यानं) पाणी आणलं, आणि त्या पाण्याच्या अंतरात वस्ती राहिली. गुलमंडी, शहागंज, जुना बाजार या भागांत आजही माणूस पायी जाऊन दळण, औषध, कापड, शाळा, दवाखाना सगळं उरकतो. अरुंद गल्लीला दुपारी सावली असते. एप्रिल-मेच्या बेचाळीस अंशांत ती किती मोलाची असते हे नव्या लेआउटमधल्या उघड्या तीस फुटी डांबरी रस्त्यावर अनवाणी पाऊल टाकून बघावं. लातूरची गंजगोलाई घ्या. गोल बाजार, चहूकडून येऊन मिळणारे रस्ते, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड. आज असं काही नव्यानं बांधायला नकाशा टाकला तर पार्किंगच्या मुद्द्यावरच परत येईल. अर्थात जुनी शहरं गोंडस करून सांगायची गरज नाही. तिथले कुजके जिने, तुंबलेली गटारं, वारसांच्या भांडणात पडायला आलेले वाडे हेही खरं आहे. पण हे रोग दुर्लक्षाचे आणि जुन्या मालकी हक्कांच्या गुंत्याचे आहेत. वाड्यात ढाळजेपासून माजघरापर्यंत तीन पिढ्या आणि चार चुली नांदत होत्या, हे आपण विसरलो.

वर चढायचं म्हटलं की मराठवाड्यात एक भीती बाकी महाराष्ट्रापेक्षा जास्त खरी आहे. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं, लोक दमून झोपले होते, आणि पहाटे चारच्या आत किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावं जमीनदोस्त झाली. आठ-दहा हजार माणसं गेली. त्यानंतर लातूर-धाराशिवमध्ये लोक कित्येक महिने अंगणात पत्र्याच्या शेडखाली झोपले. धडधाकट घर असून आत जायला तयार नसलेली माणसं मी पाहिली आहेत. तिथल्या म्हाताऱ्याला तिसऱ्या मजल्यावर राहा म्हणून सांगणं सोपं नाही.

पण किल्लारीत माणसं कशाखाली मेली? ती घरं बहुतेक एक मजली होती. मातीत बसवलेल्या दगडांच्या दोन-दोन फुटी भिंती आणि वर माळवदाचं मातीचं ओझं. भिंती उघडल्या आणि छत अंगावर आलं. हा भाग तोवर भूकंपाच्या नकाशावर सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ च्या नकाशात तो तिसऱ्या क्षेत्रात आला. मार्च आणि जुलै २०२४ मध्ये हिंगोली-नांदेड-परभणीनं धक्के अनुभवले. तेव्हा भीती ठेवायचीच तर ती नेमक्या गोष्टीची ठेवू. तीन-चार मजली इमारतीत कॉलमच्या रिंगा पुरेशा जवळ बांधल्या, सांध्यावर लोखंड नीट वळवलं, काँक्रीटला पाणी मारलं तर ती असा धक्का सहन करते. कसं बांधायचं याची भारतीय मानकं आहेत. आज गुंठेवारीत जो तिसरा मजला चढतो तो एका मजल्यासाठी घातलेल्या पायावर, कुठल्याही अभियंत्याच्या नकाशाशिवाय, मिस्त्रीच्या अंदाजावर चढतो. त्याला परवानगीच नाही म्हटल्यावर तपासणार कोण? मला विचाराल तर चार मजले कायदेशीर करण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. परवानगी दिली तरच अट घालता येते.

किल्लारीनंतरच्या पुनर्वसनानं आणखी एक गोष्ट दाखवली. बावन्न गावं नव्या जागी हलवली. मोठे प्लॉट, रुंद सरळ रस्ते, शहरी कॉलनीसारखी आखणी. घरं भक्कम झाली. पण गाव पांगलं. शेजारणीच्या हाकेच्या अंतरावरचं घर लांब गेलं, पार आणि देऊळ लांब गेलं, एवढ्या रस्त्यांची आणि गटारांची देखभाल ग्रामपंचायतीला झेपेना. मोठी जागा म्हणजे चांगलं राहणं, या समजुतीची परीक्षा मराठवाड्यात आधीच होऊन गेली आहे. निकाल कुणी वाचला नाही.

अग्निशमनाच्या गाडीचा मुद्दा निघतो, तो योग्य आहे आणि सुटण्यासारखा आहे. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार १५ मीटर आणि त्यावरची इमारत 'उंच' ठरते. चार मजले बारा मीटरमध्ये बसतात. सहा मीटरच्या रस्त्यावर एवढं द्यायला हरकत नसावी. पंधरा फुटी बोळात द्यायचं नसेल तर देऊ नका, पण ९ मीटरची एकच रेघ सगळ्या शहरावर ओढू नका.

फ्लॅटला लोक का भितात, याची कारणं मात्र उंचीपेक्षा जास्त कागदात आहेत. 'जमीन आपली हवी' हे वाक्य हट्टाचं वाटतं, पण त्यामागं अनुभव आहे. बिल्डर इमारत बांधतो, फ्लॅट विकतो आणि जमिनीचं अभिहस्तांतरण करून देत नाही, म्हणजे जमीन घरमालकांच्या नावावर करत नाही. सोसायटी नोंदली जात नाही. पंधरा वर्षांनी गच्चीवर कुणाचा तरी मोबाइल टॉवर उभा राहतो आणि भाडं कुठं जातं कळत नाही. १९६३ चा मोफा (फ्लॅटच्या मालकीचा कायदा) आहे, १९७० चा अपार्टमेंट कायदा आहे, २०१७ पासून रेरा (बिल्डरांवर नियंत्रणाचा कायदा) आहे, बिल्डरनं टाळलं तरी जमीन नावावर करून घ्यायची, म्हणजे मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद आहे. तरी छोट्या शहरात चार कुटुंबांनी एका जागेवर एकत्र मालकी कशी ठेवायची याचा सोपा, तलाठ्याला आणि बँकेच्या मॅनेजरला कळणारा नमुना नाही. चार घरांच्या इमारतीला मोठ्या सोसायटीचा सगळा कारभार लावणं वेडेपणाचं आहे. एक छापील करारनामा, जमिनीत समान अविभक्त हिस्सा, मालमत्तापत्रकावर चौघांची नावं आणि त्यावर गृहकर्ज, एवढं झालं तर निम्मी भीती जाईल.

कागदावर न येणारी एक अडचणही आहे. फ्लॅट बघायला गेल्यावर पहिला प्रश्न आडनाव काय, दुसरा नॉनव्हेज खाता का. दलित आणि मुस्लीम कुटुंबांना हा प्रश्न कशासाठी आहे ते बरोबर कळतं. बॉण्डवरचा प्लॉट घेताना हे कुणी विचारत नाही, म्हणूनही गुंठेवारी वाढली. केवळ चटईक्षेत्र वाढवून हे जाईल असं मी म्हणणार नाही. पण घरांचा तुटवडा असतो तिथं घरमालकाला निवड करायची चैन परवडते. मुबलक घरं असली की रिकामी खोली त्याला जड जाते. एवढा फरक तरी पडतो.

राहता राहिला सगळ्यात आवडता आक्षेप: एफएसआय वाढवला की जमिनीचे भाव वाढतात आणि फायदा बिल्डरचा होतो. हे अर्धं खरं आहे आणि आपल्याकडं ते खरं का ठरतं ते बघण्यासारखं आहे. संभाजीनगरच्या जालना रोडसारख्या एखाद्या पट्ट्यातच जास्त बांधकाम दिलं, तेही प्रीमियम भरून, तर त्या पट्ट्यातली जमीन सोन्याची होणारच. शासनाला प्रीमियममधून पैसा मिळतो, टीडीआरवाल्यांचा धंदा चालतो, त्यामुळं टंचाई टिकण्यात बऱ्याच जणांचं हित आहे. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडनं २०१६ मध्ये उलट वाट धरली. निवासी जमिनीच्या सुमारे तीन चतुर्थांश भागावर एकदम जास्त घरांना मुभा दिली. सगळीकडंच देता येतं म्हटल्यावर एका कोपऱ्यालाच भाव राहिला नाही. पुढच्या पाच-सहा वर्षांत तिथले घरबांधणीचे परवाने दुपटीच्या आसपास गेले, त्यात मोठा वाटा एकाला एक लागून असलेल्या जोडघरांचा होता, आणि संशोधकांच्या मते एरवी जेवढं भाडं वाढलं असतं त्यापेक्षा ते कमी वाढलं. ऑकलंड श्रीमंत शहर आहे, तिथं नळाला रोज पाणी येतं, हे मला ठाऊक आहे. पण तिथं वाढली ती घरं आपल्या रो-हाऊसच्या सख्ख्या नात्यातली आहेत, आणि रो-हाऊस बांधायला आपल्या मिस्त्रीला कुणी शिकवायची गरज नाही.

भारतातही हे झालं आहे. नवी मुंबईत बेलापूरला चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात छोट्या चौकांभोवती बुटकी घरं रचली. हेक्टरी ५०० माणसं, लिफ्ट नाही, प्रत्येकाला आभाळ आहे आणि घर पुढं वाढवायची सोय आहे. उन्हाळ्यात कुरडया-पापड कुठं वाळवायचे, हा प्रश्न आपल्याकडं थट्टेत घालवतात. मला तो गंभीर वाटतो. गच्ची चौघांची सामायिक, तळमजला म्हाताऱ्यांचा, हे करारातच लिहून टाकता येतं.

प्रधानमंत्री आवास योजनेची मोठी घरकुलं संभाजीनगरात तिसगाव, पडेगाव, हर्सूल अशा कडेच्या जागांवर आखली गेली. सरकारी जमीन तिथं मिळते म्हणून. गरिबाला घर मिळेल, पण काम, शाळा, घाटीचा सरकारी दवाखाना सगळं लांब राहील. शहराची 'माझी स्मार्ट बस' तिथवर जाईल हे खरं, पण बस रोज पाच फेऱ्यांची की दर दहा मिनिटांची हे थांब्यावर किती माणसं उभी आहेत यावर ठरतं.

सुरुवात कुठून करायची, तर संभाजीनगरातल्या सिडकोपासून. शहरं वसवणारं हे सरकारी महामंडळ सत्तरच्या दशकात इथं आलं, एन-१ पासून पुढं सेक्टर पाडले, आणि रस्ते, ड्रेनेज, मैदानं, शाळांच्या जागा आधी आखून मग घरं दिली. संभाजीनगरात एवढी तयार पायाभूत व्यवस्था दुसरीकडं नाही. आज तिथं असंख्य घरांत सत्तरीचं जोडपं एकटं राहतं, मुलं पुण्यात हिंजवडीला किंवा परदेशात. वरचा मजला बंद, बाग सुकलेली. त्याच वेळी चिकलठाणा एमआयडीसीत कामाला येणारी पोरं करमाडहून गाडी मारत येतात. त्या जोडप्याला जुनं घर पाडून चार घरं बांधायची, एकात राहायचं, एक विकून बांधकामाचा खर्च भागवायचा आणि दोन भाड्यानं द्यायची मुभा द्या. सिडकोची भाडेपट्ट्याची जमीन मालकीची करून देण्याचं घोंगडं बरीच वर्षं भिजत पडलं, ते आधी पूर्ण निकाली काढा. पार्किंगची अट दुचाकीपुरती ठेवा. प्रीमियम घ्यायचाच तर तो त्याच सेक्टरच्या जलवाहिनीवर खर्च होईल अशी तरतूद करा आणि हिशेब वॉर्ड कार्यालयाबाहेर लावा. लातूर आणि नांदेडच्या महापालिकांनी आपापला असा भाग शोधावा. प्रत्येक शहरात नळ आणि ड्रेनेज असलेल्या, पण एकमजली राहिलेल्या कॉलन्या आहेत.

आणि ज्या वावराला जलवाहिनी पुढच्या पाच वर्षांत पोचणार नाही, तिथल्या लेआउटला मंजुरी देताना महापालिकेनं आणि जिल्हाधिकाऱ्यांनी तसं स्पष्ट लिहून ते फ्लेक्सवर छापायला लावावं: येथे नळ नाही, बस नाही, अमुक वर्षापर्यंत येणार नाही. मग घेणाऱ्यानं खुशाल घ्यावा.